बिडाला तेल शेवटी

"आता काढता यायचं न्हाय. माझं लागलंय."

असं ती म्हणाली तेव्हा तिचा डावा पाय लेथच्या पायफळीवर होता आणि तोलासाठी वाशाला बांधलेला दोर तिने दोन्ही हातांनी धरला होता. दारात लाँचचा तांडेल उभा. त्याच्या खांद्यावर पोतं, पोत्यात लाँचच्या पंपाचं नवं, कातून घ्यायचं बिडाचं चाक. मी यंत्रापुढे हत्यार धरून. आणि यंत्रावर लावलेला होता तिचा तवा.

ती म्हणजे माझी बायको. नाव सांगत नाही. ती होती तोवर तोंडाने घेतलं नाही, आता कागदावर घेऊन काय करू. तिनेही माझं कधी घेतलं नाही. 'अवो' म्हणायची. लेथ घरघरत असला तरी ते 'अवो' मला बरोबर ऐकू यायचं.

"भाबी, लाँच धक्क्याला बांधून ठेवलीय," तांडेल म्हणाला. "आगरदांड्याला जाणारी माणसं बोंबलतायत."

"बोंबलू देत. येक दिस शिडाच्या होडीनं जातील. परवापरवापर्यंत जातच व्हती की."

"भाबी, आजवर तुम्ही कुणाला परत नाय लावलं."

"म्हनून आज लावते."

तांडेल हसला. पोतं सावरून म्हणाला, "बरं, उद्या येतो. तवा झाला की पहिलं घावन माझं." आणि गेला. तिने पाय मारला, चाक फिरलं, मी हत्यार टेकवलं.

दुपारपर्यंत आम्ही तव्याची मधली सगळी जागा सोलून काढली. कडेला बोटभर रुंदीचा काळा गोल तेवढा राहिला. तिने पाय खाली घेतला, पोटरी दाबली. "पाय भरले. उरलेलं उद्या. काढू नका हं, अवो."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे.

आता तुम्ही म्हणाल, बाईमाणूस आणि लेथ, हे कसं काय? सांगतो.

नवाबाचं राज्य होतं तेव्हा दिघीच्या खाडीवर एका बंगल्यात म्हातारे साहेब राहायचे. नोकरी संपलेली, माणूस एकटा. मी त्यांच्या बागेला पाणी घालायचो, ती झाडलोट करायची. साहेबांना लेथची हौस. लेथ लहान, जुना, पायाने चालवायचा. त्यावर ते पितळेच्या मेणबत्तीदाण्या करायचे, लाकडाचे लट्टू करायचे आणि कोणाला न देता फळीवर मांडून ठेवायचे. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेला, पण बघून बघून हत्याराला धार लावायला शिकलो. देश स्वतंत्र झाला, मागोमाग नवाबाचं राज्यही गेलं. साहेब मुंबईला मुलाकडे निघाले. जाताना म्हणाले, "हे माझं खेळणं. तुमच्याकडे नांदेल. पितळ फिरव, लाकूड फिरव. बीड मात्र लावू नको. बीड घाण करतं."

पण आमच्याकडे पितळेचं काम कोणाचं येणार? देवळातल्या समया सोडल्या तर पितळ कुठे होतं? यायचं ते बीडच. भाताच्या गिरणीचं, वाडीतल्या पंपाचं, पुढे लाँचचं.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यात ओततात. बाहेर येतं तेव्हा त्याच्या अंगावर काळी साल असते. त्या सालीत वाळू भाजून बसलेली, दगडाहून कठीण. भीत भीत वरवर खरवडायला गेलात तर हत्यार बोथट होतं, साल ढिम्म हलत नाही. एकदम खोल घुसायचं, सालीच्या खालून. खाली बीड मऊ असतं, राखेसारखं भुरभुर पडतं. पण खोल घुसायला जोर लागतो. एकट्याने पायही मारायचा आणि हत्यारही रेटायचं, हे लाकडाला जमतं, बिडाला जमत नाही.

पहिल्यांदा मी गिरणीचं चाक लावलं, पाय मारला, हत्यार टेकवलं, आणि चाक जागीच अडलं. पुन्हा मारला, पुन्हा अडलं. मी यंत्राला शिव्या घातल्या. ती पडवीत तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून आली.

"सरका."

"तुला काय कळतंय यातलं?"

"कळत न्हाय. पाय हाय ना मला?"

तेव्हापासून पाय तिचा, हात माझा.

तिचा पाय एका ठेक्यात पडायचा. आणि गप्प राहायची सवय तिला नव्हती, तेव्हा बोलणंही त्याच ठेक्यात यायचं. "आज, बंदरावर, मांदेली, आलीत, बरं का, पण मेली, लय, म्हाग." पाय थांबला की वाक्य तिथेच थांबायचं. मी हत्यार बदलायला वेळ लावला तर एखादी बातमी अर्धी लोंबकळत राहायची. "वरच्या वाडीतली काकी म्हनत व्हती की..." आणि मी हत्याराला धार लावून येईपर्यंत काकी काय म्हणत होती ते मला कळायचं नाही. मी मुद्दाम उशीर करायचो कधी कधी. तिला ते कळायचं. "करा उशीर. मी इसरून जाईन, मग बसा."

साल हा शब्द तिने यंत्रावरून उचलला आणि सगळ्या गावाला लावला. कोणी खेकसून बोललं की म्हणायची, "साल हाय नुसती. खाली मऊ असेल." माझ्याबद्दल विचारलं तर म्हणायची, "ह्यांची साल लय जाड. माझी हत्यारं झिजली." चारचौघांत म्हणायची. मी रागावलो तर लोकांना सांगायची, "बघा, साल बोलली."

सुरुवातीला तिने एक घोटाळा केला. बाहेरच्या कोणाला तो सुचलाही नसता. आमच्याकडे बिडाचा नवा तवा आणला की त्याला तेल पाजतात. चार दिवस तेल चोळायचं, तापवायचं, कांदा फिरवायचा, मग तो तवा कामाला लागतो. हे तिच्या हाडात बसलेलं. एकदा चाकाची साल काढताना हत्यार किंचाळायला लागलं. मी पाणी प्यायला आत गेलो तेवढ्यात तिने खोबरेल तेलाची बाटली आणून चाकावर ओतली. मी येऊन बघतो तर बिडाची भुकटी आणि तेल मिळून काळा चिखल झालेला, आणि ज्या पाटावरून हत्यार सरकतं त्या पाटावर तो चिखल पसरलेला. बीड कोरडंच कापायचं असतं. तो चिखल म्हणजे घासायचा मसाला, यंत्रालाच खातो.

"हे काय केलंस?"

"बिडाला तेल पाजलं. तहानलं व्हतं."

रॉकेलचे बोळे घेऊन आम्ही दोघं यंत्र पुसत बसलो. ती काळ्या हातांनी घाम पुसायची, त्यामुळे कपाळ काळं, नाक काळं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमीबी तसेच दिसताय." आणि दोघंही हसायला लागलो. पाटावरचे ओरखडे मात्र राहिले, अजून आहेत.

त्यानंतर ती काम लावायच्या आधी स्वतः पाटावर आपलं जुनं लुगडं पसरायची. आणि कोणी गिऱ्हाईक तेलाचा डबा घेऊन शहाणपणा करायला आलं की दारातूनच सांगायची, "बिडाला तेल शेवटी. जेवताना न्हाय, जेवल्यावर."

बिडाचं काळं हाताच्या रेषांत बसतं. राखेने घासा, चिंचेने घासा, जात नाही. एका संक्रांतीला ती वरच्या वाडीत काकींकडे हळदीकुंकवाला गेली. काकी म्हणजे पोफळीच्या मोठ्या वाडीची मालकीण, पांढरं लखलखीत घर. त्यांनी हिच्या हातांकडे बघितलं आणि वाण वरून, हात न लागू देता, पदरात टाकलं. बायका बघत होत्या. ही म्हणाली, "काकी, काळं हाय, पन कामाचं हाय. चोरीचं न्हाय." घरी येऊन मला हे सांगितलं ते हसत सांगितलं. मग चुलीपुढे बराच वेळ हात चोळत बसली.

आता तव्याचं.

तिचा भाऊ मुंबईला ओतकामाच्या कारखान्यात होता. एका गणपतीला आला तो तिच्यासाठी तवा घेऊन. त्याने स्वतः साच्यात ओतलेला, जाड, दोन बाजूंना दोन कान. पण जसा वाळूतून निघाला तसाच, सालीसकट. भाऊ म्हणाला, "दाजींचा लेथ हाय. करतील गुळगुळीत." महिन्याभरात तो तिकडेच तापाने गेला. कारखान्यातून निरोप आला, बाकी काही आलं नाही. त्याच्या हातचा हा तवा तेवढा राहिला.

बाजारचा दुसरा तवा घेऊ म्हटलं तर तिला चालायचं नाही. त्या खरबरीत तव्यावरच घावन घालायची. घावन चिकटायचं. उलथनं घालून खरवडायची, ताटात पडायचा तो चुरा. कितीही तेल पाजलं तरी सालीतली वाळू तेल पीत नाही. आमच्या घरात घावन कधी आख्खं निघालं नाही. मुलगी तळे गावी दिली. जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्यालाही चुराच वाढला. तो बिचारा म्हणाला, "नवीन प्रकार आहे का, आई?" ती म्हणाली, "व्हय. येकदा आख्खं खायला या. तवा सोलून झाला की."

तवा सोलायचा म्हणून आम्ही तो यंत्रावर लावलाही. यंत्राच्या पाटाला मध्ये खाच आहे, म्हणून एवढा मोठा तवा बसायचा. कानांना कावळे, म्हणजे लोखंडी पकडी, लावून, यंत्राच्या फिरत्या थाळीवर आवळून, गोल फिरतो का ते बघून ठेवलं. हत्यार लावणार, तर भाताच्या गिरणीवाला आला. चाक तडकलं, नवं कातून हवं, गिरणी बंद. मी म्हटलं, दुपारी ये. ती म्हणाली, "त्याचं आधी होऊ दे. माझं काय, घरातलंच." आणि स्वतः पाना घेऊन तवा उतरवला.

पुढच्या वेळी लावला तेव्हा वरच्या वाडीतून काकींचा गडी आला. भर उन्हाळा, पंपाचं चाक फुटलेलं, पोफळी करपायला लागलेल्या. मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी ही म्हणेल, थांबू देत. तिने पाना उचलला.

"तुला वाण कसं दिलं ते विसरलीस?"

"पोफळींनी काय केलंय माझं? त्यांचं आधी होऊ दे."

असं होत राहिलं. तवा वर चढायचा, खाली उतरायचा. तिचं बोलणं एकच, "त्याचं आधी होऊ दे."

उतरवता यायचा, कारण अजून हत्यार लागलेलं नसायचं. एकदा हत्यार लागलं आणि साल सोलायला सुरुवात झाली की उतरवायचं नसतं. पुन्हा लावलं तर अगदी तसंच बसत नाही. केसभर तरी हलतं. मग एकीकडे खोल, एकीकडे साल तशीच. हे तिलाही ठाऊक होतं.

त्या सकाळी ती माझ्या आधी उठून पडवीत गेली होती. मी तोंड धुऊन येतो तर तवा लावलेला, लुगडं पसरलेलं, आणि ही दोर धरून उभी. म्हणाली, "मधून सुरू करा. कोनी यायच्या आत." हत्यार लागलं आणि मग तांडेल आला. म्हणून म्हणाली, आता काढता यायचं न्हाय. ते बिडासाठी म्हणाली की आपल्यासाठी म्हणाली, हे मी तिला विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, विचारू जेवताना, आणि जेवताना विसरलो.

जेवणात कुळथाचं पिठलं आणि भात. हात धुताना म्हणाली, "उद्या नारळाचा रस काढते. घावन आख्खं येतंय का बघू." मग लुगड्याच्या पदराने पोटरी झाकून ओटीवर आडवी झाली. मी सुपारी कातरत होतो. चहाची वेळ झाली तरी उठली नाही. 'अगं' म्हणून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा शेजारचे धावत आले, म्हणजे मी मोठ्याने मारली असणार.

सूर्य मावळायच्या आत किनाऱ्यावर नेली. त्याआधी आंघोळ घालणाऱ्या बायकांनी तिचे हात चोळले. काळं गेलं नाही. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चूल पेटली नाही. पेटवायची नसते. मुलीकडे निरोप घेऊन माणूस तळ्याला गेला होता, ती दुपारपर्यंत यायची होती. वाडीतल्या काकी स्वतः किटलीतून चहा घेऊन आल्या. मी कप घेतला आणि पडवीत गेलो.

तवा थाळीवर तसाच होता. मधली जागा करडी, चकचकीत. कडेला काळा गोल. खाली लुगड्यावर कालची भुकटी. वाशाला दोर.

मी पाय टाकून बघितला, हत्यार टेकवलं. चाक अडलं. अडणार हे ठाऊक होतं. मधून जितकं बाहेर जावं तितका पाय जड होतो, आणि कड ही सगळ्यात जड जागा. वरवर घेता येत नाही, साल आहे. उतरवून ठेवता येत नाही, पुन्हा तसा बसणार नाही. मी पुन्हा पाय मारला. पुन्हा अडलं.

"मिस्त्री," काकी मागून म्हणाल्या, "अहो, सुतकात यंत्राला हात लावतात का?"

"तिचं अर्धं राहिलंय," मी म्हटलं.

त्यांनी तव्याकडे बघितलं. मग किटली खाली ठेवून तिथेच पायरीवर बसल्या.

तेवढ्यात तांडेल आला. खांद्यावर पोतं नव्हतं. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, डोळे लाल. दारात उभा राहिला.

"चाक आणलं नाहीस?" मी विचारलं.

"नाय मिस्त्री. आज चाकाचं काय."

"आत ये. पाय टाक."

त्याने काकींकडे बघितलं, तव्याकडे बघितलं. मग वहाणा काढल्या. म्हणाला, "मला तुमचं सुतक नाय लागत." आणि पायफळीवर उभा राहिला.

"दोर धर."

"तो भाबीचा..."

"धर."

त्याने धरला आणि पाय मारला. असा मारला की सगळं यंत्र थरथरलं. मी हत्यार मागे घेतलं. "हळू. लाँच हाकतोयस काय?"

"मग भाबी कसं मारायची?"

मी म्हटलं, "बोलल्यासारखं मार."

"काय बोलू?"

"काहीपण. बंदराचं सांग."

मग त्याने पाय मारला आणि म्हणाला, "आज, बंदरावर, बांगडा, आलाय. पण मिस्त्री, घ्यायला, कोण, नाय." त्याचा आवाज फुटला, पण पाय चुकला नाही. मी हत्यार खोल घातलं, सालीच्या खालून. काळी साल तडतडत उडाली आणि खालून करडं बीड निघालं. तांडेल बोलत राहिला. होडीचं, वाऱ्याचं, आगरदांड्याच्या माणसांनी काल त्याला काय शिव्या घातल्या त्याचं. मी ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो. काळा गोल बारीक होत गेला आणि संपला.

चाक थांबलं. मी तव्यावरून बोट फिरवलं. कालचं जिथे संपलं आणि आजचं जिथे सुरू झालं, तिथे एक बारीक रेघ राहिली होती, गोल. बघून नीट दिसायची नाही, बोटाला लागायची.

तांडेलानेही बोट फिरवलं. "रेघ हाय, मिस्त्री. आणि एक हलका हात मारू या? साल गेलीय, आता सोपं हाय. जाईल रेघ."

"नको."

"घावन अडकेल."

"नाही अडकत. राहू दे. रेघेच्या आतलं तिचं आहे."

मी तवा उतरवला. लुगड्याने पुसला. स्वयंपाकघरात चुलीत गार राख होती. फळीवर खोबरेल तेलाची बाटली होती, बाटलीवर तिच्या काळ्या बोटांचे ठसे. बाटली घेऊन पडवीत आलो. तव्याच्या मधोमध तेल ओतलं आणि तळव्याने चोळत चोळत बाहेर नेलं. हाताखाली रेघ लागली, तिच्यावरून पुढे कडेपर्यंत नेलं. बीड तेल प्यायलं. काळसर झालं.

तवा चुलीपाशी, तिच्या खुंटीला टांगला. मग यंत्राची थाळी पुसली आणि तांडेलाला म्हटलं, "जा आता. तुझं चाक आण."